केसतोड परत परत येतोय? ट्यूब बदलायच्या आधी हे बघा

आमचं मेडिकल कोकणात आहे, म्हणजे मे महिना लागला की पार गणपती विसर्जन होईपर्यंत अंगावरचा घाम काय सुकत नाही, आणि या दिवसांत काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "मागच्या वेळची ती ट्यूब द्या, परत आलाय." कोणाला मांडीवर, कोणाला काखेत, कोणाला दाढीत. ट्यूब नेली की आठवड्यात बसतो आणि पुढच्या महिन्यात माणूस पुन्हा दुकानात हजर. मग कोणी म्हणतं कंपनी बोगस आहे, कोणी म्हणतं रक्त खराब झालंय, कोणी सगळं आंब्यावर ढकलून मोकळं होतं. ट्यूब बऱ्याचदा बरोबरच असते हो, पण ती आलेल्या फोडावर काम करते, पुढचा फोड जिथून येणार आहे तिथे ती पोचतच नाही. आणि ती जागा प्रत्येकाची वेगळी, कोणाचं ब्लेड, कोणाचा टॉवेल, कोणाची शुगर, तर कोणाचं चक्क स्वतःचं नाक. ती शोधायची कशी एवढंच इथे लिहितोय. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, त्यामुळे जिथे डॉक्टरकडे जायलाच हवं तिथे तसं स्पष्ट लिहिलंय आणि खाली ज्या औषधांची नावं येतील त्यातल्या बऱ्याच औषधांना चिठ्ठी लागते, ती मागितली की मेडिकलवाल्यावर वैतागू नका.

आधी खात्री करा, केसतोडच आहे ना

केस कातडीतल्या ज्या बारीक खळग्यातून वर येतो त्याला तेल सोडणारी एक ग्रंथी जोडलेली असते. खळग्याचं तोंड इतकं अरुंद असतं की तिथे जरा घासलं, कापलं किंवा तेल-घाम साचला की एरवी कातडीवर गुपचूप बसलेले जंतू आत उतरतात. बहुतेक वेळा हा जंतू म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस, थोडक्यात स्टॅफ. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या अलेक्झांडर ऑगस्टन या सर्जनने १८८० च्या दशकात गळवातला पू मायक्रोस्कोपखाली बघितला आणि त्याला हे द्राक्षाच्या घडासारखे झुबके दिसले, तेव्हापासून गळू म्हटलं की पहिला आरोपी हाच.

जंतू वरच्या वर राहिला तर टाचणीच्या डोक्याएवढी पिवळी पुटकुळी येते, भोवती लाल कडं आणि मधोमध केस. खोल गेला की गळू होतं, ठणकणारं, हात लावू देत नाही असं. आणि शेजारशेजारची गळवं आतून एकमेकांना मिळून वर तीन-चार तोंडं फुटली तर जुनी माणसं जिला काळपुळी म्हणतात ती, तिला घरच्या घरी हात लावायचा नाही, सरळ डॉक्टर.

आता मोबाईलचा टॉर्च लावा, कॅमेरा झूम करा आणि बघा पुटकुळीच्या मधून केस वर आलाय का. आलाय तर आपण बरोबर रस्त्यावर आहोत. तळहात आणि तळपायाला केसच नसतात त्यामुळे तिथे पुळ्या आल्या असतील तर ते केसतोड नाही, दुसरं काहीतरी आहे. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुळ्या, रात्री अंथरुणात पडल्यावर खाज वाढते आणि घरात अजून कोणीतरी खाजवतंय, तर ती खरूज, तिचं औषध पूर्ण वेगळं आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं असतं. खरजेला केसतोडाची ट्यूब लावत महिनोन्‌महिने बसलेली माणसं मी बघितली आहेत, आणि तोपर्यंत अख्खं घर खाजवायला लागलेलं असतं.

आत्ता जो आलाय त्याचं काय करायचं

पिळायचा नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे पिळतात. पिळल्यावर पू बाहेर जितका येतो त्यातला काही आतही दाबला जातो आणि शेजारचे दोन खळगे नासतात. वरचा ओठ, नाक आणि नाकाच्या बाजूचा भाग तर अजिबातच दाबायचा नाही, तिथल्या शिरांचा संबंध थेट डोक्याच्या आतल्या शिरांशी असतो, इन्फेक्शन आत जाणं क्वचित होतं पण झालं तर ते फार वाईट असतं.

शेक द्यायचा, ओला. मऊ सुती कापड सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळून त्या जागेवर १० ते १५ मिनिटं धरायचं, गार झालं की परत बुडवायचं, असं दिवसातून ३-४ वेळा. छोट्या पुटकुळ्या एवढ्यानेच बसतात, थोडं मोठं असेल तर आपोआप तोंड पडून निचरा होतो. ते कापड प्रत्येक वेळी गरम पाण्यात धुऊन उन्हात, तेच कापड तसंच परत वापरायचं नाही आणि घरात दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही. आजीची गव्हाच्या पिठाची गरम पोटीस म्हणजे तरी दुसरं काय, शेकच आहे तो, फुटलेल्या जागेवर थापू नका म्हणजे झालं.

पण चुना-गूळ, चुना-साबण, टूथपेस्ट आणि सगळ्यात भयंकर म्हणजे बिब्बा, यातलं काहीही नको. चुन्याने कातडी भाजते, बिब्ब्याने तर असे फोड येतात की मूळचा केसतोड बरा म्हणायची वेळ येते. गावाकडून आलेल्या एका काकांनी मांडीवर बिब्बा लावला होता, मधोमध काळा डाग, भोवती पाण्याने टम्म फुगलेले फोड आणि बिब्ब्याचा ओघळ जिथपर्यंत गेला तिथपर्यंत लाल पट्टा. केसतोड बाजूला राहिला आणि भाजल्याची ट्रीटमेंट चालू झाली.

मोजक्या वरवरच्या पुटकुळ्या असतील तर डॉक्टर सहसा म्युपिरोसिन २ टक्के किंवा फ्युसिडिक अ‍ॅसिडचं मलम देतात, दिवसातून २-३ वेळा, ५ ते ७ दिवस. पातळ थर पुरतो, पोळीला तूप लावल्यासारखं थापायची गरज नाही. मोठं, मऊ पडलेलं, आत पू डुचमळतोय असं गळू असेल तर मात्र मलमाने आणि गोळ्यांनी भागत नाही कारण साचलेल्या पुवात औषध नीट पोचतच नाही, डॉक्टरने छोटा छेद देऊन निचरा करावा लागतो. लोक छेदाला घाबरून गोळ्या मागतात, पण छेद दिल्यावर त्याच संध्याकाळी ठणका निम्मा होतो.

आता मुद्द्याचं, परत का येतो

दोन प्रश्न स्वतःला विचारा. एक, दर वेळी त्याच भागात येतो की जागा बदलत फिरतो? दोन, दुखतो की खाजतो? यावर निम्मं कोडं सुटतं.

दाढीत येत असेल तर बहुतेक वेळा भानगड ब्लेडची असते. उलट्या दिशेने, कातडी ताणून, चार-पाच पात्यांच्या रेझरने गुळगुळीत केलेली दाढी दिसायला भारी दिसते पण केस कातडीच्या आत कापला जातो आणि वाढताना वळून आतच घुसतो, कुरळ्या केसांच्या माणसांना हा त्रास जास्त. त्यात सुरुवातीला जंतू नसतातच, नुसता आत वळलेला केस आणि त्याच्यावर चिडलेली कातडी, म्हणून अँटिबायोटिक लावून काही उपयोग होत नाही. उपाय म्हणजे महिनाभर ब्लेड बंद, ट्रिमर वापरा आणि एखादा मिलिमीटर खुंट राहू द्या. ऑफिसमध्ये चालत नसेल तर आधी कोमट पाणी, मग फोम, केसांच्या दिशेनेच आणि एकाच जागेवर चार वेळा न फिरवता. सलूनमध्ये जात असाल तर ब्लेड नवीन टाकतोय हे तर बघाच (कावीळ बी आणि सी सुद्धा वापरलेल्या ब्लेडने पसरू शकते) पण तुरटीचा तो खडा पण बघा, सकाळपासून वीस गालांवरून फिरलेला असतो आणि आपण डोळे मिटून "आहाहा" करत असतो. आपला खडा, आपला नॅपकिन घरून न्या, न्हावी काही म्हणत नाही. दाढीत एका बाजूला सुजलेला ओलसर गोळा, त्यातले केस नुसते ओढले तरी हातात येतात, गुरंढोरं हाताळता, तर ती बुरशी असू शकते, तिला गोळ्या लागतात.

मांड्या, ढुंगण आणि जांघ हा बाईकवाल्यांचा, रिक्षा-टेम्पो ड्रायव्हरचा आणि दिवसभर रेक्झिनच्या खुर्चीत बसणाऱ्यांचा प्रांत. टाइट जीन्स, आत सिंथेटिक चड्डी, पावसाळ्यात अर्धवट वाळलेले कपडे "अंगावर सुकतील" म्हणून तसेच घातलेले. हे सगळं एकत्र आलं की खळगे घासले जातात, मऊ पडतात आणि मग जंतूंना आमंत्रणच. सुती आणि सैल कपडे, आतले कपडे दमट असतील तर इस्त्री फिरवून कोरडे करा, भिजून आलात की लगेच बदला. वजन जास्त असेल तर मांड्या एकमेकांना घासतात तेही एक कारण. इथे अंघोळीला बेंझॉइल पेरॉक्साइडचा वॉश चांगला काम करतो, लावून एक-दोन मिनिटं ठेवून धुवायचा, फक्त रंगीत टॉवेल वापरू नका कारण त्याने कपड्याचा रंग उडतो आणि मग बायको आम्हाला येऊन विचारते हे कसलं औषध दिलंत.

नडगीवर आणि पोटऱ्यांवर, दोन्ही पायांना, महिनोन्‌महिने चालू असलेल्या पुटकुळ्या, हळूहळू केस गळून कातडी चकचकीत पातळ व्हायला लागलीय, हा प्रकार आपल्याकडे तरुण मुलांमध्ये बराच दिसतो. पहिला प्रश्न मी विचारतो तो खोबरेल तेलाचा. अंघोळीनंतर पायाला चोपडून तेल लावायची सवय असते आणि ते खळग्यांची तोंडं बंद करतं. तेल पूर्ण थांबवा, कोरडं वाटत असेल तर हलकं, नॉन-कॉमेडोजेनिक (म्हणजे खळग्यांची तोंडं बंद न करणारं) लिहिलेलं मॉइश्चरायझर. हा जुनाट प्रकार हट्टी असतो, स्किनच्या डॉक्टरकडे महिन्यांच्या हिशोबाने ट्रीटमेंट घ्यावी लागते, आठ दिवसांत बरा होत नाही. गॅरेजमध्ये ग्रीस-ऑइलमध्ये हात घालणाऱ्यांना हातांवर असंच होतं, त्यांनी ऑइलने भिजलेला ड्रेस रोज बदलावा. मुलींना वॅक्सिंगनंतर पायांवर येतात ते बहुतेक वेळा आत वळलेले केस असतात, वॅक्सनंतर एक-दोन दिवस घट्ट लेगिंग, जिम आणि तेल टाळलं की बराच फरक पडतो.

छातीवर, पाठीवर, खांद्यावर आणि कधी कपाळावर एकसारख्या, एकाच साइजच्या बारीक पुळ्या आणि दुखण्यापेक्षा खाज जास्त, तर इथे थांबा. ही बहुतेक मॅलासेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी असते, कातडीवर सगळ्यांच्याच राहते, तेल खाऊन जगते आणि दमट हवेत, घामात माजते. गंमत अशी की ही अँटिबायोटिकने वाढते, कारण तिच्याशी जागेसाठी भांडणारे बाकीचे जंतू मरतात आणि हिला मोकळं रान मिळतं. म्हणजे पिंपल समजून डॉक्सीसायक्लिनच्या स्ट्रिपवर स्ट्रिप चालू आहेत आणि पाठ भरतच चाललीय, असं असेल तर स्किनवाल्याला नक्की विचारा की हे फंगल तर नाही ना. त्यावर किटोकोनाझोल २ टक्क्याचा शाम्पू, डोक्याला लावतो तोच, छाती-पाठीला लावून ५-१० मिनिटं ठेवून धुवायचा असतो, जास्त असेल तर डॉक्टर पोटातून औषध देतात. पाठीला तेल मालिश बंद, घामाचा टी-शर्ट लगेच काढायचा. थंडीत गायब आणि एप्रिलमध्ये हजर हा याचा ठरलेला कार्यक्रम, त्यामुळे उन्हाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा तो शाम्पू चालू ठेवायला डॉक्टर सांगतात.

काखेबद्दल जरा जास्त लिहितो कारण इथे लोक वर्षं घालवतात. काखेत एकदा गळू आलं, काखमांजरी म्हणून शेकलं, बसलं, विषय संपला, ठीक आहे. पण सहा महिन्यांत दोनदा किंवा जास्त वेळा, काखेत, जांघेत, स्तनांखाली किंवा ढुंगणाच्या फटीत, त्याच त्याच जागी गाठी येतायत, फुटतायत, व्रण राहतोय, व्रणाखाली दोरीसारखं काहीतरी हाताला लागतंय, शेजारीशेजारी दोन काळे ठिपके दिसतायत, तर हे साधं इन्फेक्शन नाही. याला हायड्राडेनायटिस सपुराटिव्हा म्हणतात. यात केसाचा खळगा आधी बंद होतो, आतल्या आत फुटतो आणि शरीराची स्वतःचीच प्रतिकार यंत्रणा त्याच्यावर तुटून पडते, जंतू नंतर येतात. अस्वच्छतेने होत नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण या आजाराच्या मुली दुकानात हळू आवाजात बोलतात, दिवसातून तीनदा अंघोळ करतात आणि काख घासून घासून सोलून काढतात, त्याने उलट वाढतं. वयात आल्यानंतर सुरू होतं, सिगरेट आणि जास्त वजन यांच्याशी घट्ट संबंध आहे. दर वेळी फक्त छेद देऊन पू काढला तर गाठ परत येतेच आणि आत बोगदे तयार होत जातात. याला वेगळी औषधं आहेत, इंजेक्शनं आहेत, वेगळं ऑपरेशन आहे, पण आधी कोणीतरी आजार ओळखायला हवा, आणि जगभरात तो ओळखायलाच वर्षानुवर्षं लागतात. स्किन स्पेशालिस्टला "मला दर दोन महिन्यांनी त्याच जागी येतं" हे वाक्य आधी सांगा.

मानेच्या मागे, केस संपतात त्या रेषेवर कडक पुळ्या येत असतील तर कटिंगवाल्याला झिरो मशीन आणि वस्तरा मानेवर लावू नको सांगा, शर्टाची कडक कॉलर आणि हेल्मेटचा घासणारा काठही बघा. तिथे वाढत जाणाऱ्या टणक गाठी होतात, त्या एकदा जाड झाल्या की जात नाहीत. डोक्यात पुळ्या येऊन तिथे चकचकीत टक्कल पडत असेल तर थांबू नका, गेलेले केस त्या जागी परत येत नाहीत. आणि लहान मुलाच्या डोक्यात मऊ फुगलेला, पू गळणारा गोळा, वरचे केस गळालेले, असं असेल तर ते गळू समजून कापून आणू नका, बहुतेक वेळा ती बुरशी असते आणि काही आठवडे पोटातून औषध घेतलं की बरी होते.

रांजणवाडीसुद्धा याच घरातली, पापणीच्या केसाच्या मुळाशी. शेक, डोळे चोळायचे नाहीत, काजळाची जुनी डबी फेकून द्या. सारखी येत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

हॉटेलचा गरम पाण्याचा टब नाहीतर जकूझी करून आल्यावर एक-दोन दिवसांत स्विमिंगच्या कपड्याखालीच पुळ्या आल्या तर तो स्यूडोमोनास नावाचा वेगळा जंतू, क्लोरीन नीट न घातलेल्या कोमट पाण्यात वाढतो, धडधाकट माणसाला आठ-दहा दिवसांत आपोआप बरा होतो.

जागा बदलत फिरतो, घरात अजून कोणालातरी येतो

हे आमच्याकडचं सगळ्यात कॉमन चित्र. आज मांडीवर, पुढच्या महिन्यात पोटावर, मग मुलाच्या ढुंगणावर, मग बायकोच्या काखेत. साधारण दहापैकी तीन माणसांच्या नाकाच्या पुढच्या भागात स्टॅफ मुक्काम करून असतो, काहीही त्रास न देता. बोट नाकात, तेच बोट खाजणाऱ्या मांडीवर, झालं. फोड बरा केलात तरी नाकातला साठा तसाच.

अशा वेळी डॉक्टर आधी पुवाचं कल्चर करायला सांगतात, म्हणजे पू लॅबला पाठवून कुठला जंतू आणि कुठलं औषध चालतं ते बघायचं. परत परत येणाऱ्याने हे एकदा तरी करावंच, कारण साध्या औषधांना दाद न देणारा स्टॅफ, एमआरएसए, आता हॉस्पिटलबाहेरही सापडतो आणि अंदाजाने गोळ्या खाण्यात पैसेही जातात नि वेळही. नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्यायचा, नंतर नाही.

मग साठा साफ करायचा कोर्स, तोही डॉक्टरच्या सल्ल्याने, आणि तो साधारण असा असतो. म्युपिरोसिनचं नाकासाठीचं मलम, माचिसच्या काडीच्या टोकाएवढं, दोन्ही नाकपुड्यांच्या आतल्या पुढच्या भागात, सकाळ-संध्याकाळ, ५ दिवस, लावून नाक हलकंच दाबायचं म्हणजे पसरतं. त्याच ५ दिवसांत रोज क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाच्या ४ टक्क्याच्या सोल्यूशनने अंघोळ, काखा, जांघा, बेंबी नीट, डोळ्यांत आणि कानांत जाऊ द्यायचं नाही. आणि त्याच ५ दिवसांत टॉवेल, आतले कपडे, उशीचे अभ्रे, चादरी रोज धुवायचे, मशीनला ६० डिग्रीचं सेटिंग असेल तर ते, नाहीतर कढत पाणी आणि कडक ऊन. नखं कापायची. रेझर नवा. मोबाईल पुसायचा, हो, तोही. लोक मलम व्यवस्थित लावतात आणि चादर तीच ठेवतात, मग म्हणतात कोर्स फेल गेला.

अजून एक, घरात दोघा-तिघांना येत असेल तर एकट्याने कोर्स करून फार उपयोग नाही, सगळ्यांनी एकदमच करावा. बाथरूमच्या दाराच्या खिळ्याला एकच पंचा आणि सगळं घर त्यालाच तोंड पुसतंय हे चित्र आधी बदला. कुस्तीच्या मॅटवर, जिमच्या बेंचवर उघड्या अंगाने झोपायचं नाही, आपला टॉवेल टाकायचा.

शुगर

चाळिशी पार, किंवा घरात डायबेटिस, आणि केसतोड-गळवं सारखी येतायत, तर ट्यूबच्या आधी रक्त तपासा. आमच्याकडे कित्येकांना डायबेटिस असल्याचं गळवामुळेच कळलंय. उपाशीपोटी १२६ किंवा वर, किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी) ६.५ टक्के किंवा वर आलं तर डॉक्टर परत खात्री करून डायबेटिस म्हणतात. शुगर वाढलेली असताना पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत आणि मग साधी पुटकुळी गळू होते, मानेवर-पाठीवर काळपुळी होते. जे "रक्त खराब झालंय" म्हणून रक्तशुद्धीचं सिरप नेतात त्यांना मी हेच सांगतो की सिरपच्या पैशात शुगरची तपासणी होते, ती करा. आंब्याचं म्हणाल तर आंब्याने केसतोड येत नाही, आंबा आणि घाम एकाच महिन्यात येतात म्हणून बिचाऱ्याचं नाव खराब होतं, चीक तोंडाला लागून पुरळ उठतो तो निराळा विषय. शुगरवाल्याने रोज चार हापूस हाणले तर मात्र मला आंब्याची बाजू घेता येणार नाही.

सिगरेट, दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या, केमो, एचआयव्ही यातलं काही असेल तर डॉक्टरला ते आधीच सांगा, औषध ठरवताना फरक पडतो.

ती मिक्स ट्यूब

लोक ज्या ट्यूब नावाने मागून नेतात, टीव्हीवर बघून किंवा शेजाऱ्याचं ऐकून, त्यात बऱ्याचदा तीन-चार औषधं एकत्र असतात, बुरशीचं, जंतूंचं आणि एक तगडं स्टेरॉइड. लावल्या लावल्या लाली जाते, खाज जाते, दोन दिवसांत "काय भारी ट्यूब आहे" होतं. स्टेरॉइडने सूज दबते पण जंतू किंवा बुरशी खाली आरामात वाढत राहते, ट्यूब थांबवली की दुपटीने वर. शिवाय स्टेरॉइड स्वतःच केसांच्या मुळांशी पुळ्या आणतं, म्हणजे रोग पण तेच देतं. जांघेत लावत राहिलात तर कातडी पातळ होऊन कायमचे पांढरे-लाल चट्टे पडतात. घरी असलेली ट्यूब आत्ता काढा आणि खोक्यावरचं बारीक वाचा, क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यातलं काही दिसलं तर ती केसतोडाला लावायची नाही. स्किन डॉक्टरांची देशपातळीवरची संघटना आयएडीव्हीएल या प्रकाराविरुद्ध वर्षानुवर्षं ओरडतेय आणि तरीही आमच्या धंद्यातले काही जण चिठ्ठीशिवाय हातात देतात, त्याबद्दल काय बोलणार.

गोळ्यांचंही तसंच. मागच्या वेळच्या उरलेल्या चार कॅप्सूल या वेळी खाल्ल्या, बरं वाटलं की बंद, हे करत राहिलं की कल्चरच्या रिपोर्टवर एकेक औषधासमोर "रेझिस्टंट", म्हणजे हे औषध आता चालत नाही, असं लिहून यायला लागतं.

कधी थांबायचं नाही

ताप आला, थंडी वाजली, लाली तासातासाने पसरतेय, फोडापासून वर लाल रेघ जातेय, चेहऱ्यावरचा फोड आणि डोळा सुजतोय किंवा डोकं प्रचंड दुखतंय, शुगरवाल्या माणसाच्या पाठीवर मोठं गळू आहे, किंवा बाळाला झालंय, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल, मेडिकलमध्ये येऊ नका. पेनने कडेला गोल काढून ठेवायची एक चांगली पद्धत आहे, लाली त्या गोलाबाहेर गेली की पसरतेय हे नक्की कळतं.

घाई नसेल आणि स्किन स्पेशालिस्टकडे जायचं ठरलं असेल तर आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब एका पिशवीत घालून न्या, संपलेल्या पण, "लाल खोक्याची" एवढ्यावर कोणालाच काही कळत नाही. फोड ताजा असतानाचे फोटो काढून ठेवा, कारण अपॉइंटमेंटच्या दिवशी तो नेमका बसलेला असतो, आणि प्रत्येक फोटोखाली तारीख आणि जागा लिहा. जांघेतलं किंवा काखेतलं दाखवायला लाजू नका, आदल्या दिवशी तिथे ब्लेड फिरवू नका आणि त्या दिवशी पावडर थापून जाऊ नका, पावडरखाली त्यांना काही दिसत नाही.